लाल की करडी

आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही. ते गाडी चालवायला शिकवायचे. मोठ्या रस्त्यावर औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक ड्रायव्हिंग स्कूल आहे, तिथली त्यांची नोकरी. स्कूलची छोटी पांढरी गाडी, टपावर पाटी, आणि डाव्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक. जन्मभर मास्तर त्या डाव्या सीटवर बसले. उजवीकडे कोणीतरी घाम पुसत गाडीला उचक्या देतंय, आणि डावीकडे मास्तर, हात मांडीवर, पाय ब्रेकच्या वर अधांतरी, आवाज थंड. स्वतः चाक हातात घ्यायची वेळ त्यांच्यावर क्वचित यायची, शिकणारा रडायला लागला तरच.

मीही त्यांचाच विद्यार्थी. गाडी त्यांच्याकडे शिकलो आणि पुढे त्यांच्याच मेहुणीशी लग्न केलं. लग्नात ते मला म्हणाले होते, "तुला ब्रेक शिकवायचा राहून गेला बघ." माझा धंदा जुन्या गाड्या घेण्याविकण्याचा. या धंद्यात खोटं बोलावं लागत नाही, खरं कुठल्या क्रमाने सांगायचं तेवढं कळावं लागतं. आधी टायर नवे आहेत हे सांगायचं, मग बाकीचं. मास्तरांना हे अजिबात जमायचं नाही. त्यांच्यासमोर गिऱ्हाईक आलं की मी त्यांना चहा आणायला पाठवायचो, नाहीतर ते वाकून सायलेन्सरला हात लावायचे आणि माझा सौदा जायचा.

मास्तरांच्या शिकवण्याच्या दोन तऱ्हा होत्या. पहिली म्हणजे बोलत चालवायचं. जे दिसतं ते मोठ्याने सांगायचं. "समोर टेम्पो. उजवीकडे सायकल. डावीकडे बाई, फोनवर बोलतेय, बघत नाहीये." जे तोंडातून निघालं नाही ते तुम्ही पाहिलं नाही, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे आमच्या भागात अजूनही गाडीत एकटी बसलेली माणसं ओठ हलवताना दिसतात. बाहेरच्यांना वाटतं, फोनवर बोलताहेत. फोन कुठला, मास्तर बोलतात त्यांच्या तोंडून.

दुसरी तऱ्हा म्हणजे फेरी. पहिल्या दिवशी नव्या माणसाला चाकापाठी बसवायचं, नजर समोरच्या भिंतीवर ठेवायला सांगायची आणि मास्तरांनी कापडी बूट घालून, आवाज न करता, गाडीमागून निघून बाजूने पुढे यायचं. मान न वळवता ते दिसले की माणसाने "आलात" म्हणायचं. मास्तर तिथल्या तिथे थांबत आणि गाडीवरच्या धुळीत पंजा उमटवत. मग माणसाला खाली उतरवून तो पंजा दाखवत. चांगली नजर असली तर पंजा मागच्या दाराजवळ, बरी असली तर आरशाच्या आसपास. कोणाचा आरशाच्याही पुढे गेला, तर मास्तर त्याची फी परत करत आणि ठरलेलं वाक्य बोलत, "आधी डोळे दाखवून या. गाडी कुठे पळून जात नाही."

असा हा माणूस. सगळं आयुष्य दुसऱ्या गिअरमध्ये गेलं त्याचं. आणि मनात एकच गोष्ट होती, निवृत्त झालो की एक खरी गाडी घेणार. खरी म्हणजे इंजिनात दम असलेली, पाय ठेवला की पाठ सीटला चिकटणारी. तीही शोभेला नाही. झाकून ठेवायची आणि रविवारी पुसायची, असल्या लोकांचा त्यांना राग होता. "रोज चालवणार," ते म्हणायचे, "बँकेत जायला तीच, भाजी आणायला तीच, दूध आणायला तीच."

"दूध नासेल घाबरून," माझी बायको म्हणायची.

त्यासाठी त्यांनी साठवलं होतं, आणि घरात कोणाचा विरोध नव्हता. मग डोळ्यांचं निघालं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेले आणि कळलं की दोन्ही डोळ्यांची नजर कडांकडून मिटत चालली आहे. समोरचं स्वच्छ, बाजूचं जातंय. थेंब टाकून वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. गाडीबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंधारात नको, गर्दीत नको, खरं सांगायचं तर नकोच." मास्तरांनी यातलं पहिलं आणि दुसरं ऐकलं. तिसरं ऐकलं ते आमच्या अक्काने. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी मेहुणी. तिने ते माझ्या बायकोला सांगितलं आणि माझ्या बायकोने मला, म्हणजे सगळ्यांना माहीत झालं आणि कोणी कोणाशी त्याबद्दल बोलायचं नाही असंही आपोआप ठरलं.

शिकवणं मात्र त्यांनी त्याच आठवड्यात सोडलं. "दुसऱ्याचं पोर शेजारी बसवायचं आणि आपली नजर अशी, ते बरोबर नाही," म्हणाले. आणि लगेच पुढे, "माझ्या एकट्यापुरतं दिसतं मला." मी मान हलवली. दुसऱ्यांच्या बाबतीत इतका कडक माणूस स्वतःला एवढी सूट देत होता.

त्याच सुमारास माझ्या यार्डात दोन गाड्या आल्या.

एक लाल. लहानखुरी, पाठीमागे डिकीचं मोठं दार, हाताचे गिअर, दगडासारखं सस्पेन्शन. चालू केली की शेजारच्या फर्निचरवाल्याच्या काचा थरथरत. दुसरी करडी. लांब, जड, गिअर आपले आपण बदलणारी, आत बसलं की बाहेरचं जग बंद. ताकद दोघींतही भरपूर, करडीत थोडी जास्तच, पण ती ताकद मऊ गादीखाली ठेवलेली. करडीला जिकडेतिकडे सेन्सर. बाजूने कोणी आलं की त्या बाजूच्या आरशात पिवळा दिवा, आणि तरीही आपण तिकडे सरकलो की टुंग टुंग आवाज.

मास्तर आले, दोन्हीभोवती फिरले, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला.

लाल की करडी. दर रविवारी सकाळी हाच विषय. लाल खाली बसलेली, आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर पोट घासेल. करडी उंच नाही, पण चालेल. लाल लहान, बाजारात कुठेही मावेल. करडीला जागा शोधत फिरावं लागेल. पेट्रोलच्या बाबतीत दोघी सारख्याच खादाड. लालचा क्लच जड, रोजच्या थांबत-पुढे-जाण्यात गुडघा जाईल. करडीत गुडघ्याला कामच नाही. "पण मग चालवतो कोण?" मास्तर म्हणायचे, "ती आपली आपण चालते. मी काय नुसता बसू? नुसतं बसायचं काम मी खूप केलं."

एकदा अक्काला घेऊन आले. भाजीची पिशवीही आणली होती, डिकीत ठेवून बघायला. अक्का लालमध्ये बसली ती बसलीच. सीट इतकी खाली की तिला उठता येईना. मी एक हात धरला, मास्तरांनी दुसरा. "क्रेन मागवा," अक्का म्हणाली, "आणि रोज भाजी आणायला क्रेन बरोबर घेऊन जात जा." आम्ही तिघंही पोट धरून हसलो. करडीत बसली तेव्हा मात्र तिने पाय लांब केले आणि डोकं मागे टेकलं. मास्तर काचेतून तिच्याकडे बघत होते.

जाताना ती पिशवी विसरल्याचं निमित्त करून एकटी परत आली. "घेऊ द्या त्यांना," मला म्हणाली. "कुठलीही. जितके दिवस जमेल तितके दिवस."

"अक्का, तुम्हाला माहितीये ना डॉक्टर काय म्हणाल्या?"

"माहितीये. मी रोज शेजारी बसेन. मी बोलेन सगळं, काय दिसतंय ते."

अक्काला डावं-उजवं कळत नाही. मास्तरांनी तिला शिकवायचा प्रयत्न करून हात टेकले होते. मी तसं म्हटलं.

"मग 'माझ्याकडे' आणि 'तुमच्याकडे' म्हणेन," ती म्हणाली. "एवढं तर कळतं मला."

ती गेली. तिच्या मनात हे किती दिवस शिजत होतं कोणास ठाऊक. मला राग आला, आणि तो नेमका कोणावर हे कळेना, म्हणून मी गाड्या धुणाऱ्यावर ओरडलो.

पुढच्या रविवारी मास्तरांनी दोन्ही चालवून बघायचं ठरवलं. उजेड होता, गर्दी नव्हती, डॉक्टरांच्या दोन्ही अटी पाळलेल्या. ते उजवीकडे बसले, मी डावीकडे. इतक्या वर्षांत आमच्या जागा अशा कधीच नव्हत्या. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसे लावले, पट्टा ओढून बघितला. शिकवताना सांगायचे त्याच क्रमाने.

आधी लाल काढली. यार्डाच्या फाटकातून निघालो, पाण्याच्या टाकीला वळसा घातला आणि सरळ रस्त्याला लागल्यावर त्यांनी पाय दिला. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. ओठ घट्ट, डोळे चमकताहेत, हात गिअरवरून चाकावर आणि चाकावरून गिअरवर, कुठेही घाई नाही. गाडी त्यांच्या हातात पाण्यासारखी वाहत होती. मी गाड्या विकतो, पण चालवणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि ते बोलत होते, सवयीने, मोठ्याने.

"समोर टेम्पो, ब्रेक लागले. मी मागे. टेम्पो निघाला. समोर सिग्नल, हिरवा, केव्हाचा हिरवा आहे, बदलेल. बदलला. थांबलो. समोर दोघं रस्ता ओलांडताहेत. गेले."

मी त्यांचाच विद्यार्थी. कानाला ती सवय लागलेली की काय बोललं जातंय त्यापेक्षा काय राहतंय ते आधी ऐकू येतं. डावीकडे मोटारसायकल आमच्या बरोबरीने चालली होती, ती त्यांच्या बोलण्यात आली नाही. उजवीकडच्या गल्लीतून रिक्षा तोंड काढून उभी होती, तीही नाही. समोर, समोर, समोर. जगाला जणू बाजूच नव्हत्या.

बाजाराच्या तोंडाशी, डाव्या हाताला, उभ्या गाड्यांच्या मधून एक बाई बाबागाडी ढकलत बाहेर आली. मास्तर बोलले, "समोर मोकळं." माझा पाय खाडकन खाली गेला. खाली काय, नुसती पायपुसणी. बाईने बाबागाडी मागे ओढली. आमचा आरसा तिच्या हातापासून किती लांबून गेला ते मला सांगता येणार नाही, सांगायचं नाही.

"काय रे," मास्तर हसले, "ब्रेक शोधतोस? तो आजार माझा आहे, तुला कधी लागला?"

"सवय," मी म्हटलं. 

यार्डात परतलो तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता, इतका आनंदी होता. "पोरगी आहे ही," लालच्या टपावर थाप मारत म्हणाले. "ऐकते. पण अक्काला उचलून कोण बसवणार? चल, करडी काढ."

करडीत ते बसले, गाडी निघाली, आणि टाकीपाशीच टुंग टुंग वाजलं.

"हे काय?"

"डावीकडे स्कूटर होती."

"कुठे?"

"गेली."

त्यांनी "हं" केलं. सरळ रस्त्यावर उजवीकडे सरकताना पुन्हा वाजलं. या वेळी त्यांनी मान पूर्ण वळवून पाहिलं, पण तोवर जी व्हॅन होती ती पुढे निघून गेली होती आणि समोरच्या गाड्यांत मिसळली होती. "काही नाही," ते म्हणाले. पुढे पुन्हा. मग पुन्हा. मास्तर समोरचं सगळं बिनचूक सांगत होते आणि मध्ये मध्ये गाडी राहिलेलं सांगत होती. ते आवाज चढवत होते, गाडी एकाच आवाजात बोलत होती. मी आरशातले पिवळे दिवे बघत होतो आणि मला वाटत होतं की हा रस्ता लवकर संपावा.

यार्डात आल्यावर त्यांनी गाडी बंद केली.

"गाडी उत्तम आहे," म्हणाले. "ताकद आहे, मायाळू आहे, अक्काला बसता येतं. रोजच्या वापराला हीच. लाल म्हणजे हौस झाली, रोजची म्हणजे ही. पण सेन्सर गेलाय हिचा. भुतं दिसतात हिला. तो तेवढा दुरुस्त करून घे. दुरुस्त झाला की घेतली मी."

एवढे महिने घोळ घालून शेवटी निर्णय झाला होता. मी "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मशीन लावलं, मला गाडीभोवती फिरवलं, त्याच्या मोटारसायकलवरून स्वतः दोन्ही बाजूंनी चकरा मारल्या. "सगळं ठणठणीत आहे, शेठ. कशाला बोलावलंत?"

"वाजते उगाच, असं म्हणणं आहे."

"उगाच नाही वाजत ही. कोणीतरी असतं तेव्हाच वाजते." मग सामान आवरता आवरता म्हणाला, "त्रास वाटत असेल तर बंद करून देऊ का? बटण आहे इथे. दाबलं की गप्प."

चाकाच्या डाव्या बाजूला, गुडघ्याजवळ, नखाएवढं बटण. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि त्या बटणाकडे बघत बसलो. दाबलं की मास्तरांची गाडी तयार. त्यांना कळणारही नाही. मी नवीन टायरसारखंच सांगायचं, "दुरुस्त झाली, मास्तर," आणि तेही खोटं ठरलं नसतं फारसं. गाडी वाजत नाही, हे खरंच.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. तिला मास्तरांनी सेन्सरचं सगळं सांगितलं होतं आणि ती काही खुळी नव्हती.

"ते बंद करता येतं का?"

"येतं."

"मग करा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबत आले ते," अक्का म्हणाली.  "आता त्यांना कोणी ब्रेक लावू नये असं वाटतं मला. चूक असेल. असू दे."

माझ्या डोळ्यांसमोर बाबागाडी मागे ओढणारे ते हात आले. ते मी अक्काला सांगितलं नाही. "बघतो," एवढंच म्हणून फोन ठेवला. रात्री जेवण गेलं नाही. बायकोने ताट उचलून नेलं.

रविवारी मास्तर ठरल्या वेळेच्या आधीच आले. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, खिशात नवं पेन, कागदांवर सही करायला. चालत आले होते. येताना फाटकाच्या खांबाला त्यांचा खांदा लागला. खांबाकडे त्यांनी रागाने पाहिलं.

"झाली?"

मी टायरपासून सुरुवात करायचं ठरवलं होतं. काय काय वाक्यं जुळवली होती. ती सगळी तोंडात आली आणि तिथेच बसली.

"काही झालेलंच नव्हतं, मास्तर. ठणठणीत आहे. मशीन लावून बघितलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या बरोबर समोर उभा होतो, त्यामुळे मी त्यांना स्वच्छ दिसत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत होतो. तो आला असता तर बरं झालं असतं.

"पुसलीस का आज?"

"काय?"

"गाडी. पुसलीस का?"

"नाही अजून."

"नको पुसूस." ते करडीकडे गेले, उजवं दार उघडून बसले, काच खाली केली. नजर समोरच्या भिंतीवर लावली. तिथे टायरची जुनी जाहिरात रंगवलेली आहे. "बूट काढ," म्हणाले. "आणि फेरी मार."

"मास्तर, कशाला हे—"

"बूट काढ म्हणतो ना."

मी बूट काढले. यार्डात खडी पसरलेली आहे. मोज्यांतून ती टोचत होती, म्हणून पाय जपून ठेवत, पण आवाज न करता, मी गाडीच्या मागून निघालो. मागचं चाक. मागचं दार. तिथे थांबलो क्षणभर, चांगल्या नजरेचा पंजा इथे असतो. ते भिंतीकडे बघत होते. पुढचं दार. त्यांचा खांदा माझ्यापासून हातभर अंतरावर, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, दाढीच्या साबणाचा वास येत होता. आरसा. देवाशपथ, मी तिथे जरा हात हलवला. काही नाही. बोनेटची कड धरून पुढे सरकलो. पुढचं चाक मागे राहिलं. आता मी जवळजवळ गाडीच्या पुढे होतो, दिव्यापाशी.

"आलास," मास्तर म्हणाले.

मी थांबलो. सूर्य वर आला होता आणि बोनेटवर आठवड्याची धूळ होती.

"जिथे आहेस तिथे हात ठेव."

पंजा आरशाजवळ उमटवावा असं मनात आलं, पण हात तिथवर पोचत नव्हता. दोन पावलं मागे जावं लागलं असतं. काचेवर ऊन चमकत होतं, मी मागे सरकलो ते त्यांना कळलं नसतं कदाचित. मी होतो तिथेच, दिव्याच्या वर, धुळीत पंजा ठेवला. मग त्यांनी दुसऱ्या बाजूनेही फेरी मारायला लावली, ते पहिल्यापेक्षा वाईट निघालं.

ते उतरले. गाडीला हात लावत पुढे आले आणि वाकून आधी एक पंजा बघितला, मग दुसरा. शिकवायला घेतलेल्या नव्या माणसाचा बघायचे तितक्याच लक्षपूर्वक. मागच्या दारापासून दिव्यापर्यंत त्यांनी बोटांनी अंतर चाचपलं. मी नुसत्या मोज्यांवर उभा होतो. 

"मी काय म्हणतो अशा वेळी?" त्यांनी विचारलं.

"जाऊ द्या ना, मास्तर."

"फेरी तू मारलीस. तुलाच म्हणावं लागेल. काय म्हणतो मी?"

"आधी डोळे दाखवून या," मी म्हणालो. "गाडी कुठे पळून जात नाही."

"दाखवले," मास्तर म्हणाले.

 पेन खिशातून काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. जाताना लालच्या टपावरून एकदा हात फिरवला. "दोन्ही विकून टाक," म्हणाले, "माझी वाट बघू नकोस. आणि गिऱ्हाईकाला सांग, रोजच्या वापराला करडी बरी."

मग करडीच्या डाव्या बाजूला जाऊन दार उघडून बसले. पट्टा ओढून बघितला. "चल, घरी सोड."

मी बूट घातले आणि चाकापाठी बसलो. फाटकातून बाहेर पडलो. रस्त्याला लागताच तोंड आपोआप चालू झालं, इतक्या वर्षांचं वळण. "समोर बस. उजवीकडे सायकल. डावीकडे—"

"आज नको बोलूस," मास्तर म्हणाले.

मी गप्प झालो. टाकीला वळसा घातला. डावीकडून एक स्कूटर आली, आरशात दिवा लागला, मी तिला जाऊ दिलं. बाजाराच्या तोंडाशी रिक्षा मध्ये घुसली, तिलाही जाऊ दिलं. मास्तरांचे हात मांडीवर होते. नजर समोर होती. उजवा पाय पायपुसणीच्या वर किंचित उचललेला, अधांतरी. कान मात्र गाडीकडे होता. कुठे वाजतेय का ते मास्तर ऐकत होते, आणि ते ऐकताहेत हे मला कळत होतं. माझ्या हातूनही ती एकदा तरी वाजावी म्हणून एका वळणावर मी थोडा सरकलोही, पण शेजारी कोणी नव्हतं.

घर येईपर्यंत गाडी एकदाही वाजली नाही.